साडेचाळीसचा झोर्की

त्याला पट्टा अडकवायला कड्याच नाहीत. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यात त्याला घडवणाऱ्यांनी तो कायम चामड्याच्या कव्हरात बसलेलाच कल्पिला असणार. गळ्यात अडकायचं ते कव्हराने. कव्हर काढून झोर्की-४ हा कॅमेरा हातात घेतला की आधी जाणवतं ते त्याचं वजन, लेन्ससकट पाऊण किलोच्या आसपास. बोटं रुतवायला रबर नाही, धरायला उंचवटा नाही. काठोकाठ भरलेला तांब्या धरावा तसा दोन्ही हातांनी धरावा लागतो.

झोर्की या रशियन शब्दाचा अर्थ तीक्ष्ण नजरेचा. माझ्या आत्याने तो १९७६ साली मुंबईच्या बोरा बाजारातून घेतला, तेव्हाही तो वापरलेलाच होता. आत्या दादरच्या एका शाळेत चित्रकला शिकवायची. माझ्याकडे तो आला तो बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यासकट. डब्यात तीन लेन्स, तीन फिल्टर, एक हूड, कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवायचा एक फिरता व्ह्यूफाइंडर, एक मऊ ब्रश. लेन्सच्या झाकणाला तिने काळा गोफ बांधून ठेवला होता, मनगटात अडकवता येईल एवढा. डबा माझ्या हातात देताना तिने एकच गोष्ट तीनदा सांगितली.

"अगं, आधी ताण, मग फिरव. उलट केलंस तर त्याला इजा होते."

म्हणजे आधी रोल पुढे सरकवून शटर ताणायचं, मगच वेगाची चकती फिरवायची. ताणायच्या आधी चकतीला हात लावला तर आतली यंत्रणा अडकते, कधी मोडतेही. जुन्या घरातल्या वडीलधाऱ्यांसारखं आहे हे. चहा झाल्याशिवाय बोलायला जायचं नाही, एवढं एक पाळलं की दिवसभर ते तुमचेच असतात.

घराणं मोठं आहे त्याचं. जर्मनीतल्या वेट्झलारला ओस्कार बार्नाकने सिनेमाच्या फिल्मवर चालणारा छोटा कॅमेरा बनवला, आणि १९२५ मध्ये लायका बाजारात आला. १९३२ च्या लायका २ मध्ये अंतर मोजणारी यंत्रणा लेन्सशी जोडली गेली. तो कॅमेरा समोर ठेवून खार्कोवमधल्या निराधार मुलांच्या एका वसाहतीने १९३४ पासून फेड नावाचा कॅमेरा बनवायला सुरुवात केली. शिक्षणतज्ज्ञ मकारेंको यांनी उभी केलेली ही वसाहत. चोरीमारी करत रस्त्यावर वाढलेली पोरं तिथे मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत धातू कापायला शिकली. त्या फेडवरून १९४८ च्या सुमारास झोर्की निघाला, आणि त्याची चौथी आवृत्ती हा आमचा. काया वेट्झलारची, हात खार्कोवच्या पोरांचे. डोळा मात्र तिसऱ्याच घरचा. त्याची ज्युपिटर-८ ही लेन्स म्हणजे झाइसच्या लुडविग बेर्टेलेने आखलेल्या आणि १९३२ च्या काँटॅक्सबरोबर आलेल्या झोनारचं रशियन रूप. दुसऱ्या महायुद्धानंतर भरपाई म्हणून जर्मन यंत्रं आणि आराखडे रशियात गेले, त्यातून हा डोळा याला मिळाला.

त्याचा स्वभाव कळायला मला तीन रोल लागले. तो ज्या काचेने फोटो घेतो त्या काचेतून आपल्याला बघू देत नाही. आपण बघतो ते वरच्या छोट्या खिडकीतून. त्या खिडकीच्या मध्यभागी एक फिकट डाग असतो आणि डागात शेजारच्या दुसऱ्या खिडकीतून आलेली तीच आकृती जरा बाजूला सरकलेली दिसते. लेन्स फिरवत जायचं, दोन आकृत्या जवळ येतात, एकमेकींत मिसळतात, आणि मिसळल्या की अंतर जुळलं. दोन डोळ्यांमधल्या फरकावरून अंतर ओळखायचं, माणूस ओळखतो तसंच. पण लेन्सवर झाकण राहिलं असेल, काचेवर बोट आलं असेल, लाल फिल्टर चढवलेला असेल, तरी खिडकीतलं जग तसंच लख्ख असतं. चूक तो दाखवत नाही. ती आठवडाभराने, रोल धुतल्यावर कळते. म्हैसूरजवळच्या तलकाडला काढलेल्या माझ्या पहिल्या रोलवरचे नऊ फोटो झाकणासकट काढलेले होते. त्या दिवसापासून गोफ मनगटात असतो.

मग झाकण नकोच, असंही करता येत नाही. याचं शटर कापडाचं आहे. उघड्या लेन्सने तो दुपारच्या उन्हाकडे तोंड करून पडून राहिला, तर भिंगातून गोळा झालेलं ऊन कापडाला टाचणीच्या टोकाएवढं भोक पाडतं, आणि पुढच्या प्रत्येक फोटोवर एक पांढरा ठिपका येतो. आत्याच्या गोफाचं मोल मला तलकाडला कळलं.

म्हैसूरला राहायला आल्यापासून मी तलकाडला किती वेळा गेले याची मोजदाद सोडून दिली आहे. ४५ किलोमीटरचा रस्ता, सोमनाथपूरपेक्षा थोडा लांब, आणि शेवटी कावेरीचं वळण. गंग घराण्याची ही राजधानी. पुढे चोळांनी घेतली, आणि होयसळ विष्णुवर्धनाने चोळांना हटवून विजयाच्या आठवणीखातर १११७ मध्ये कीर्तिनारायणाचं देऊळ बांधलं. आज गाव एका बाजूला आणि वाळूच्या टेकड्या दुसऱ्या बाजूला. टेकड्यांवरून छपराखालची वाट जाते, आणि त्या वाटेवरून देवळं खाली, खड्ड्यात दिसतात. वाळू उपसून काढलेली. पायऱ्या चढून देवळात जायची सवय असलेला माणूस इथे पायऱ्या उतरून जातो.

वाळूची कथा इथलं लहान पोरही सांगतं. १६१० मध्ये राजा वोडेयारांनी श्रीरंगपट्टण घेतलं. विजयनगरच्या तिथल्या कारभाऱ्याची बायको अलमेलम्मा दागिने घेऊन तलकाडच्या बाजूला आली. माणसं मागावर आली तेव्हा तिने कावेरीत उडी घेतली आणि जाता जाता शापलं, की तलकाडची वाळू होईल, समोरच्या मालंगीला डोह पडेल आणि म्हैसूरच्या राजांना मूल होणार नाही. अभ्यासक नदीच्या वळणाकडे, जवळच्या माधवमंत्री बंधाऱ्याकडे आणि उन्हाळ्यात उघड्या पात्रावरून येणाऱ्या वाऱ्याकडे बोट दाखवतात. मला दोन्ही एकत्र नांदताना दिसतात. वारा सुटला की अलमेलम्माचं नाव इथे आपोआप निघतं.

अशा ठिकाणी निघताना डब्यातलं काय घ्यायचं? तिन्ही लेन्स नेल्या तर तिन्ही बदलाव्या लागतात, आणि तलकाडला लेन्स उघडणं म्हणजे कॅमेऱ्याच्या पोटात वाळूला आमंत्रण. फिल्मच्या वाटेवर वाळूचा एक कण बसला की रोल सरकताना तो ३६ च्या ३६ फोटोंवर एक सरळ रेघ ओढत जातो. म्हणून निवड घरी करायची, जेवणाच्या टेबलावर.

पन्नासची ज्युपिटर-८ झोर्कीची स्वतःची. खिडकीत दिसतं ते याच लेन्सच्या हिशेबाने. माणसांना ती फार मायेने बघते. छिद्र पूर्ण उघडून, एफ २ ला, वाटेवर पूजेचं ताट विकणाऱ्या अज्जींचा चेहरा घेतला की कपाळावरच्या आठ्या स्पष्ट आणि मागची नीलगिरीची झाडं धुरासारखी. पण तलकाडची देवळं खड्ड्यात आहेत. मागे सरकायला जावं तर वाळूची भिंत पाठीला लागते. कीर्तिनारायणाच्या कोपऱ्यात उभं राहून मी पन्नासने किती तरी वेळा निम्मं देऊळ घरी आणलं आहे.

म्हणून पस्तीसची ज्युपिटर-१२. हिच्याबद्दल मी जरा जास्त बोलणार, कारण या संसारातली सगळ्यात तऱ्हेवाईक आणि माझी सगळ्यात लाडकी तीच. बाहेरून चिमुकली, पण मागची काच फुग्यासारखी लांब बाहेर आलेली, कॅमेऱ्यात थेट शटरजवळ जाऊन बसणारी. ती टेबलावर मागच्या बाजूने ठेवायची नाही. तिला खोल वाटीसारखं वेगळं झाकण लागतं, आणि ते हरवलं तर दुसरं कुठलंही झाकण चालत नाही. छिद्र लहानमोठं करायचं कडं तिच्या तोंडाशी, आतल्या बाजूला आहे. फिल्टर चढवला की त्या कड्यापर्यंत बोट पोचत नाही. छिद्र बदलायचं तर फिल्टर काढा, फिरवा, परत चढवा. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मला तो दोष वाटला. मग मी तिला घरीच एफ ११ वर लावून, पिवळा फिल्टर चढवून, अंतर सुमारे चार मीटरवर ठेवून न्यायला लागले. तेवढ्यात दोन मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं. डाग जुळवायचा नाही, कडं फिरवायचं नाही. खड्ड्यात उतरायचं, बघायचं, दाबायचं. जुने बातमीदार छायाचित्रकार गर्दीत असंच काम करत.

पस्तीस लावल्यावर झोर्कीची खिडकी कमी दाखवते, म्हणून डोक्यावर तो फिरता व्ह्यूफाइंडर. २८, ३५, ५०, ८५, १३५ अशी पाच भिंगं असलेली एक चकती. डोक्यावर तो चढवला की झोर्की उगाचच सरकारी दिसायला लागतो. पण त्यातून बघताना नजर अजूनच वर जाते आणि लेन्स खालीच राहते, हे विसरायचं नाही. लांबच्या शिखराला काही होत नाही. वैद्येश्वराच्या दारातल्या द्वारपालाच्या जवळ गेलात की त्याचा मुकुट कापला जातो. मी जवळचं काही घेताना फ्रेम ठरवून झाली की कॅमेरा चार बोटं वर उचलते. त्याच देवळात दगडात कोरलेल्या साखळ्या आहेत. त्यांचा पूर्ण फोटो मला चौथ्या खेपेला मिळाला.

एकशे पस्तीसची ज्युपिटर-११ मी फक्त नदीसाठी नेते, पलीकडे फिरणाऱ्या हरगोलूंसाठी, त्या बांबूच्या गोल होड्यांसाठी. लांबच्या लेन्सला अंतर फार काटेकोर लागतं, आणि झोर्कीच्या दोन खिडक्या फार जवळजवळ आहेत. एवढ्या जवळच्या दोन डोळ्यांनी तो लांबचं अंतर अदमासानेच सांगतो. तिथे त्याच्याकडून जास्त मागणं मला बरं वाटत नाही.

या तिघींना एकत्र बांधणारी गोष्ट म्हणजे साडेचाळीस. तिघींच्या तोंडाचे आटे साडेचाळीस मिलिमीटरचे, म्हणून एकच पिवळा, एकच नारिंगी, एकच हिरवा तिघींना पुरतो. याच कारणाने मी एकदा बोरा बाजारात एक सुंदर कॅननची लेन्स परत ठेवली. पन्नासची, एफ १.८, एकोणचाळीसच्या आट्यांची. ते आटे लायका, फेड, झोर्की आणि जुने जपानी कॅनन सगळ्यांना सारखेच, त्यामुळे ती झोर्कीला अगदी सहज बसली. दुकानदारही म्हणाला, "ताई, बघा, जन्माची जोडी." पण तिचं तोंड चाळीसचं, माझे फिल्टर साडेचाळीसचे. आणि आटे जुळले म्हणून मापं जुळतातच असं नाही. रशियन कॅमेरे आणि लेन्स ज्या हिशेबाने जुळवले, तो लायकाच्या हिशेबापेक्षा किंचित वेगळा आहे. लांबच्या फोटोत तो फरक लपतो, एक मीटरवर छिद्र उघडून घेतलेल्या फोटोत डोळ्याऐवजी कान स्पष्ट येतो. कुणी जुनी लेन्स घेणार असेल तर मी एवढंच सांगते, की वर्तमानपत्र टेबलावर तिरकं ठेवा, मधल्या एका ओळीवर डाग जुळवा, छिद्र पूर्ण उघडून एक फोटो घ्या आणि रोल धुऊन बघा कुठली ओळ स्पष्ट आली. काचेतली बुरशी टॉर्चच्या उजेडात आधीच बघून घ्या, कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते. मुंबईच्या पावसाळ्यात चामड्याच्या कव्हरात बंद राहिलेल्या लेन्सला ती हमखास धरते. आत्या म्हणूनच पावसाळ्यात कव्हर बाजूला काढून लेन्स कोरड्या डब्यात ठेवायची.

आता पिवळा. झोर्कीला लाइट मीटर नाही, बॅटरी नाही, त्यामुळे उजेड आपणच ओळखायचा. लख्ख उन्हात १२५ च्या फिल्मला शटर एकशे पंचवीसांश सेकंद आणि छिद्र एफ १६, हा जुना ठोकताळा. वाळूवर मात्र उजेड दुप्पट होतो, खालूनही अंगावर येतो, म्हणून एफ २२ सांगतात. आणि पिवळा फिल्टर निम्मा उजेड खातो, म्हणजे एक स्टॉप परत उघडायचा. वाळू जे जास्तीचं देते ते पिवळा काढून घेतो, आणि आपण पुन्हा एफ १६ वर. हा हिशेब मला तलकाडच्या पायऱ्यांवर बसून एकदम उमगला आणि इतका आनंद झाला की तो मी त्या अज्जींनाही सांगायला गेले. त्यांनी झोर्कीकडे बघून विचारलं, "रील क्यामेराना?" मी म्हटलं, "हौदु." त्या बराच वेळ त्याच्या खिडक्यांकडे बघत राहिल्या.

पिवळ्याचं खरं काम ऊन कलल्यावर दिसतं. सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर वाळूवरच्या वाऱ्याच्या लाटांची एक बाजू उन्हाची असते, पिवळसर, आणि दुसरी सावलीची. त्या सावलीला उजेड मिळतो तो फक्त वरच्या निळ्या आकाशाचा. पिवळी काच निळं अडवते. म्हणून उजळ बाजू उजळच राहते, सावली गडद होते, आणि डोळ्याला सपाट दिसणारी टेकडी फोटोत रेघारेघांनी उठून येते. नारिंगी हेच आणखी जोराने करतो, पण दोन स्टॉप खातो. लाल तीन स्टॉप खातो आणि आकाशाला काजळ फासल्यासारखं काळं करतो. तलकाडला ते मला आवडत नाही. शापाची गोष्ट आकाशात लिहायची गरज नाही, ती पायांखाली आहे.

हूडही वाळूसाठीच. या लेन्सवर एकच पातळ लेप आहे, बाजूने आलेलं ऊन आत शिरलं की चित्रावर धुकं पसरतं. वाळूवर ऊन खालून येतं, त्यामुळे सावलीतही मी हूड काढत नाही. तो खिडकीच्या एका कोपऱ्यात डोकावतो, पण डोकावतो म्हणून तरी तो लावलेला आहे हे कळतं. या कॅमेऱ्याने दाखवलेली तेवढीच एक गोष्ट म्हणायची.

ब्रशने झटकायचं, पुसायचं नाही. वाळू कापडाने पुसली की काचेवर ओरखडे येतात. रोल बदलायचा तो गाडीत बसून, काचा वर करून, मांडीवर धुतलेला टॉवेल पसरून, कारण झोर्कीची पाठ तळासकट अख्खी निघते आणि तेवढा वेळ तो अगदी उघडा असतो. आत्याच्या काळात रोल असायचा तो उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा, इंदू नावाचा. डब्यात त्याची एक रिकामी डबी अजून आहे. तो कारखाना बंद पडला. म्हैसूरहून गुंडलूपेट मार्गे उटीला जाताना मला दर वेळी ती डबी आठवते.

पाताळेश्वराचं लिंग सकाळी तांबूस, दुपारी काळं आणि रात्री पांढरं दिसतं, असं इथले लोक सांगतात. झोर्कीच्या रोलला तिन्ही राखाडीच दिसली असती, पण गाभाऱ्यात मी कॅमेरा उघडत नाही. २०२० च्या डिसेंबरात इथल्या पाच शिवलिंगांच्या दर्शनाचा सोहळा, पंचलिंग दर्शन, झाला, त्यातली चार लिंगं मी आतापर्यंत पाहिली. पाचवं, मल्लिकार्जुन, गावापासून काही किलोमीटरवर मुडुकुतोरेच्या टेकडीवर आहे. तिथून कावेरी आणि भाताची खाचरं खाली पसरलेली दिसतात. हिरवा फिल्टर पानांना उजळ करतो, हिरव्यातले वेगवेगळे हिरवे वेगळे करून दाखवतो. डब्यात इतकी वर्षं तो एकटाच कोरा राहिला आहे. शनिवारी पस्तीसच्या तोंडावर एफ ११ लावून तो चढवला, आणि डब्याचं झाकण बंद केलं.